झेंडूच्या माळेखालची स्प्रिंग

दर शुक्रवारी पेटंटचं सरकारी जर्नल निघतं. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात ते वाचायचं काम गेली पंचवीस वर्षं माझ्याकडे आहे. मी वकील नाही. वकिलांना जे वाचायचा कंटाळा येतो, ते वाचणारी बाई आहे. कुणी कशावर हक्क सांगितलाय आणि त्यामुळे आमच्या कुठल्या अशिलाच्या पोटात दुखणार आहे, याची यादी करून साहेबांच्या टेबलावर ठेवायची, एवढंच माझं काम. या कामाने माणूस शहाणा होतो असं मुळीच नाही, पण एक गोष्ट पक्की कळते. कुठलीही साधी वस्तू पुरेशा अवघड भाषेत लिहिली की ती नवीन होते. झाडूचं तंतुमय पृष्ठस्वच्छता साधन झालेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

तर एका शुक्रवारी यादी करता करता मी एका अर्जापाशी थांबले. शीर्षकाचा मराठीत अर्थ लावला तर तो साधारण असा होता: गोलार्धीय फळकवचातून गर विलग करण्यासाठी दाब-प्रतिसादी यंत्रणा. म्हणजे नारळाची खवणी. अर्जदार स्वयंपाकघरातली यंत्रं विकणारी एक मोठी कंपनी. मी हसत हसत आकृती उघडली आणि हसू तिथेच राहिलं. मोटर, दांडा, दांड्याच्या टोकाला पातं, पात्याच्या मागे एक स्प्रिंग. पातं करवंटीला लागलं की स्प्रिंग दबते आणि पातं मागे सरतं. ही खवणी मला तोंडपाठ होती. तिच्यावर खवलेल्या खोबऱ्याची सोलकढी मी वीस वर्षं पीत आले होते आणि ती माझ्या वडिलांनी बनवली होती.

बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी दहिसरला चेकनाक्याच्या अलीकडे एक गाळा घेतला आणि खानावळवाल्यांसाठी, केटरिंगवाल्यांसाठी विजेच्या खवण्या बनवायला लागले. साध्या विजेच्या खवणीला अक्कल नसते. खोबरं संपलं तरी ती खरवडत राहते, करवंटीचा भुसा पांढऱ्या खोबऱ्यात पडतो आणि सोलकढीला मळकट रंग येतो. आमच्या कोकणातल्या माणसाला तुम्ही शिवी दिलीत तर तो एकवेळ विसरेल, पण मळकट सोलकढी तो मरेपर्यंत लक्षात ठेवतो. आई रोज कुरकुरायची. तिची कुरकुर थांबावी म्हणून बाबांनी पात्याच्या मागे स्प्रिंग बसवली. अर्जात मात्र या शोधामागे ग्राहकांच्या अपूर्ण गरजांचा सखोल अभ्यास असल्याचं लिहिलं होतं.

कंपनीने बाबांची नक्कल केली असं मी म्हणत नाही. त्यांना स्वतंत्रपणे सुचलं असेल. स्प्रिंग काही कुणाच्या बापाची नसते. फक्त ही माझ्या बापाची होती.

त्या रविवारी मी दहिसरला गेले. गाळा आता धाकटा भाऊ बघतो. बाबा पंच्याहत्तरी ओलांडून गेलेत, तरी रोज सकाळी येऊन बसतात आणि प्रत्येक स्प्रिंग स्वतः दाबून बघतात. मी दोघांना समजावून सांगितलं की हे पेटंट मंजूर झालं तर उद्या कंपनी नोटीस पाठवू शकते, ही खवणी बनवणं बंद करा म्हणून.

"म्हणजे आपलीच खवणी आपण बनवली तर चोरी?" भाऊ म्हणाला. "काय येड्यासारखं बोलतेस, ताई?"

"मी नाही बोलत. कायदा बोलतो. आपण आधीपासून बनवतोय हे सिद्ध केलं तर काही प्रश्न नाही."

"सिद्ध काय करायचंय त्यात? हे बाबा, ही खवणी. आणि काय पायजे?"

बाबा म्हणाले, "माका त्येंचा काय एक नको. माझी खवणी माका करूक दिया, म्हणजे झाला."

एवढीच त्यांची मागणी होती. नुकसानभरपाई नको, पेटंट नको. आपण केलेली वस्तू आपल्याला करत राहू द्या. मला वाटलं, याहून सरळ प्रकरण आमच्या ऑफिसात आजवर आलं नसेल. सरळ प्रकरणांचं काय होतं हे पंचवीस वर्षं बघूनही मला असं वाटलं, यावरून माझ्या बुद्धीची कल्पना यावी.

सोमवारी साहेबांना विचारलं. ती कंपनी आमची अशील नव्हती, त्यामुळे साहेबांनी उदार मनाने परवानगी दिली आणि त्याहून उदार मनाने मला जे आधीच माहीत होतं ते समजावून सांगितलं. पेटंट मंजूर व्हायच्या आधी कुणालाही विरोध नोंदवता येतो. पूर्वी तो फुकट होता, आता नव्या नियमांत त्याला फी आहे. पूर्वी विरोध आला की थेट सुनावणीच्या वाटेला लागायचा, आता त्यात दम आहे का हे अधिकारी आधी बघतात, मगच अर्जदाराला कळवतात. अर्जदाराला उत्तर द्यायची मुदतही कमी झाली आहे. अर्जाची तपासणी वेगळी आणि आपला विरोध वेगळा, तपासणीत आपल्याला नाक खुपसता येणार नाही, हे न्यायालयानेही सांगून टाकलं आहे.

"आणि हरलो तर?" मी विचारलं.

"मंजुरीआधीच्या विरोधात हरलेल्याला साधं अपीलसुद्धा नाही, मॅडम. हायकोर्टात रिट करा, नाहीतर मंजुरीनंतर वर्षाच्या आत पुन्हा विरोध करा. पूर्वी निदान ते अपील मंडळ तरी होतं." इथे साहेबांनी उसासा टाकला. मंडळ होतं तेव्हा त्याला नावं ठेवण्यात साहेबांचं अर्धं आयुष्य गेलं. ते बरखास्त होऊन फायली हायकोर्टात गेल्यापासून मात्र माहेरी गेलेल्या बायकोबद्दल बोलावं तसं ते त्याच्याबद्दल बोलतात.

मग त्यांनी बाबांची माहिती वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मॅडम, एक अडचण आहे. दहिसरचा निवृत्त माणूस. कंपनी नाही, वेबसाइट नाही, बिलं नाहीत. हे बघून कुणालाही वाटेल की मागे कुणी मोठा आहे आणि यांना नुसतं पुढे केलंय."

यातली गंमत बाहेरच्याला कळणार नाही, म्हणून सांगते. विरोध फुकट होता तेव्हा आमच्या धंद्यातल्या हुशार मंडळींना एक युक्ती सापडली होती. प्रतिस्पर्ध्याचा अर्ज लटकवायचा असेल तर कुणातरी भलत्याच माणसाच्या नावावर विरोध टाकायचा. त्या माणसाला आपण कशाला विरोध केलाय हे ठाऊकही नसायचं. एक संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. न्यायालयांनी यावर ताशेरे ओढले, नियम बदलले, चाळणी लागली. सगळं योग्यच झालं. फक्त त्या चाळणीतून बघितलं तर ज्याने वस्तू खरोखर बनवली तो माणूस आणि भाड्याने आणलेला माणूस अगदी एकसारखे दिसतात.

"ते माझे वडील आहेत," मी म्हटलं.

"ते लिहू नका. त्याने संशय वाढेल," साहेब म्हणाले.

तेव्हा सगळा भार पुराव्यावर आला. बाबांनी कधी बिल दिलं नाही, कारण माणसाने नारळ आणून खवणी चालवून बघितली आणि मान हलवली की व्यवहार पूर्ण. आराखडा कागदावर काढला नाही, कारण गाळ्याची भिंत होती, खडू होता, आणि दर दसऱ्याला भिंतीला चुना लागायचा. पण फोटो होते. बाबांनी पत्र्याच्या पेटीतून पाकीट काढलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चौदा वर्षांचे चौदा फोटो, प्रत्येकाच्या कोपऱ्यात जुन्या कॅमेऱ्याने छापलेली केशरी तारीख. पेटंटच्या कामात तारखेचा पुरावा म्हणजे सोनं. मी परतताना रिक्षातूनच साहेबांना फोन केला की आपण जिंकलो.

घरी येऊन नीट बघितले. चौदाही फोटो खंडेनवमीचे होते. त्या दिवशी गाळ्यातली सगळी हत्यारं आणि यंत्रं धुऊन, हळदकुंकू लावून त्यांची पूजा होते. बाबांचा नियम असा की पूजेआधी मशिनीचा फोटो काढायचा नाही, तिला उघडीनागडी फोटोत घ्यायचं नसतं. पूजा झाली की मग काढायचा. आता खवणीचा आकार बघा. खाली चौकट, वर मोटर, आणि बाहेर आलेलं एकच टोक, पात्याचं. माळ अडकवायला दुसरी जागाच नाही. त्यामुळे चौदा वर्षं, चौदा खवण्या, आणि प्रत्येकीच्या पात्यावर चांगली टपोरी, दुपदरी झेंडूची माळ. स्प्रिंग बरोबर त्या माळेच्या मागे. एका फोटोत माळ जरा घसरली होती. तिथे भावाचं डोकं मध्ये आलं होतं.

साहेबांनी फोटो एकेक करून बघितले आणि म्हणाले, "झेंडूबद्दल वाद असता तर आपली केस फार मजबूत होती."

मी बाबांवर ओरडले. पंच्याहत्तरीच्या माणसावर, त्यांच्याच गाळ्यात, कामगारांसमोर. एकतरी फोटो माळ काढून घेता आला नाही का? पूजेची माळ फोटोसाठी काढायची हे बाबांना समजेना. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गिऱ्हाईक खवणी माळेसकट घेऊन जायचं, तसा मुहूर्तच असायचा. आपल्या खवणीवर कोणी शंका घेईल आणि तिने कपडे उतरवून उत्तर द्यायचं असेल, हे त्यांच्या कुठल्याच खंडेनवमीला मनात आलं नव्हतं. मला माझी लाज वाटली, पण ती मी तेव्हा दाखवली नाही.

भावाने मात्र उपाय काढला. दुसऱ्याच दिवशी त्याचा मेसेज आला: ताई, झकास काम झालंय, टेन्शन नको. फोटोतल्या वस्तू गायब करणारं कुठलंसं ॲप त्याने वापरलं होतं. माळ खरंच गेली होती. तिच्या खाली काय असावं याचा त्या ॲपने स्वतःच्या बुद्धीने विचार केला होता आणि पात्याच्या मागे एक चकचकीत पाण्याचा नळ बसवला होता.

"हे जर आपण दाखल केलं तर तुरुंगात कोण जाईल माहितेय?" मी फोनवर विचारलं.

"अगं, दुसऱ्यांदा केलं की नीट येतं यार," तो म्हणाला. मी फोन ठेवला.

शेवटी वाट सापडली ती कांदिवलीच्या खानावळवाल्या काकूंकडे. बाबांची स्प्रिंगवाली पहिली खवणी त्यांनीच घेतलेली. तिच्यावर अजून रोज नारळ खवले जातात. काकू शपथपत्र द्यायला एका पायावर तयार झाल्या. अडलं ते एवढ्यावरच की खवणी कधी घेतली. काकूंची कालगणना स्वतंत्र होती.

"माझी धाकटी पाचवीत होती तेव्हा," त्या ठामपणे म्हणाल्या.

"साल सांगा ना, काकू."

"साल काय मला माहीत? पाचवीत होती. सहामाही परीक्षेच्या आधी घेतली. तिच्या डब्यात ओल्या खोबऱ्याची चटणी जायला लागली ना तेव्हापासून."

नोटरी म्हणाला, शपथपत्रात असं लिहिता येत नाही. मी म्हटलं, लिहिता येतं, आणि धाकटीचा शाळा सोडल्याचा दाखला मागवला. धाकटी आता दोन मुलांची आई, दाखला तिच्या सासरी बोरिवलीला. तो आला, साल निघालं, बरोबर वीस वर्षांपूर्वीचं. पेटंट कार्यालयात खवणीच्या प्रकरणात इयत्ता पाचवीचा पुरावा जोडणारी मी पहिलीच असेन. काकूंच्या खवणीचे सहा बाजूंनी फोटो काढले, एकही माळ नसलेले. साहेबांनी मसुदा तपासला. फी भरली. आपलं आहे ते आपलंच आहे हे सांगायला तिकीट काढावं लागतं, हे बाबांना मी कळू दिलं नाही. विरोध दाखल झाला आणि, आश्चर्य म्हणजे, चाळणीतून पारही पडला.

सुनावणी व्हिडिओवर होती, आमच्या ऑफिसातल्या मीटिंगच्या खोलीत. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दोन तास आधी आले. कुणी सांगितलं नव्हतं तरी भाऊ काकूंकडून ती जुनी खवणी रिक्षात घालून घेऊन आला आणि बाबांनी ती टेबलावर मांडली. पिशवीत चार नारळ होते. ऑफिसचा एक्स्टेन्शन बोर्ड त्यांनी स्वतः ओढून आणला. साहेब म्हणाले, प्रात्यक्षिकाची गरज पडत नाही, सगळं कागदावर असतं. बाबा म्हणाले, "ऱ्हवांदे. लागला तर."

पडद्यावर अधिकारी आले, कंपनीचे वकील आले. बाबांनी नारळ हातात घेतला आणि बटणावर बोट ठेवून बसले. साहेबांनी घसा साफ केला. तेवढ्यात कंपनीचे वकील अतिशय नम्रपणे म्हणाले की वेळ वाचावा म्हणून आम्ही दावे सुधारून देतो. यांत्रिक स्प्रिंगवरचा दावा आम्ही सोडतो. आता आमचा दावा फक्त करवंटी ओळखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सेन्सरपुरता.

संपलं. एवढ्या महिन्यांची धावपळ, पाचवीचा दाखला, माझं ओरडणं, सगळं त्या एका नम्र वाक्यात निकामी झालं. साहेब खूश झाले. भावाने टेबलाखालून माझ्या हातावर टाळी दिली. कायद्याने बघाल तर आम्ही साफ जिंकलो होतो, स्प्रिंगला आता कुणी हात लावू शकत नव्हतं. बाबांनी मला हळूच विचारलं, "आता लावू?" मी म्हटलं, नको बाबा, झालं. त्यांनी नारळ पिशवीत ठेवला.

काही आठवड्यांनी निर्णय ईमेलने आला. मी प्रिंट काढली, बाबांना सरकारी कागद हातात लागतो म्हणून, आणि दहिसरला घेऊन गेले. घरी जेवणं झाली होती. चहा टाकला. बाबांनी चष्मा लावला आणि प्रिंटवर बोट फिरवायला लागले. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण स्वतःचं नाव ओळखू येतं.

"हय आसा," ते खुशीत म्हणाले. "माझा नाव आसा. काय लिवला हा बाजूक?"

मी वाचलं. त्यांच्या नावाच्या बाजूला लिहिलं होतं, विरोधक.

"कसलो विरोधक?"

"खवणीच्या अर्जाला विरोध करणारे, बाबा. तसंच लिहितात."

"आणि ही मी केलंय ता खंय लिवला हा?"

मी निर्णय दोनदा चाळला, जणू मला माहीत नव्हतं. ते कुठेच नव्हतं. दावा मर्यादित केल्यामुळे विरोधकाने दिलेल्या पुराव्यावर मत देण्याचं कारण उरत नाही, एवढं एक वाक्य होतं. काकूंचं शपथपत्र, वीस वर्षं, फोटो, कशालाच कुणी खोटं म्हटलं नव्हतं आणि खरंही म्हटलं नव्हतं. शोधकाच्या रकान्यात कंपनीतल्या तीन इंजिनिअरांची नावं होती. मी बाबांना समजावलं की तुम्हाला हवं होतं ते मिळालंय, तुम्ही तुमची खवणी करत राहू शकता, कुणी अडवणार नाही. हे मी ऑफिसातल्या आवाजात सांगितलं, अशिलांना सांगते तसं.

बाबांनी मान हलवली. कागदाची नीट घडी केली. मग, चहा अर्धा झाल्यावर, त्यांनी विचारलं, "गो, ह्येंनी अर्ज केल्यानी, तसो तेव्हा आपण केलो असतो, तर चल्लो असतो?"

खोटं बोलता आलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता.

"चालला असता, बाबा," मी म्हटलं.

"मगे माका कोणी सांगूक नाय," ते म्हणाले. रागाने नाही. सहज म्हणाले, आणि उरलेला चहा पिऊ लागले.

पहिली स्प्रिंग बसवली तेव्हा मला पेटंटच्या नोकरीत पाच वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी बाबांनी मला गाळ्यावर बोलावून माझं बोट पात्यावर ठेवून ते मागे सरताना दाखवलं होतं. दर शुक्रवारी लोकांच्या झाडूंची यादी करणारी मी "छान आहे हं" म्हणाले होते आणि सहा-वीसची बस चुकेल म्हणून निघून गेले होते.